रूथची खरी तारीख

बाबा,

मी नगरला जातेय. काम तसं उद्याही झालं असतं. राजूरहून रूथचे पप्पा येतील. परवा ते शाळेत तिचे मार्क बघायला गेले होते. आम्ही वेगळे झाल्यापासून पालक म्हणून तुमचं नाव आहे, म्हणून गुरुजींनी दाखवले नाहीत.

पहिलीत नाव घालताना हेच गुरुजी सगळ्या पोरांसारखी हिलाही एक जून हीच तारीख लावत होते. ह्यांनी तासभर हुज्जत घालून खरी जन्मतारीख लिहायला लावली. मी दाराशी हसत उभी होते.

प्रगतिपुस्तक आणि देवी टोचल्याचा दाखला टेबलावर ठेवलाय. दोन्ही दाखवा, चहा द्या, जुनं उकरून काढू नका. आणि पालकाच्या रकान्यात या वेळी तुम्ही सही करू नका. पेनात शाई भरून ठेवली आहे.

मरिया