वाचल्याचा अंगठा

रिसाली, मंगळवार

प्रिय भागीरथा,

फोनवर तू 'बरं' म्हणतेस आणि तुला हवं तेच करतेस, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. चष्मा लावून दोनदा वाच.

परवा जामुलहून नीतूचा फोन आला. तुझ्या सुनेने आजवर माझ्याकडे तुझी तक्रार कधी केली नव्हती, म्हणून मी नीट ऐकून घेतलं. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगून दोन महिने झाले. तू पोट धरून बसतेस, पण सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड काढायला तयार नाहीस. कारण विचारलं तर म्हणे, "माह्या कार्डापायी लेकरायचं बंद होईन." कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वीस वर्षं आपण शेजारी राहिलो; आपल्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात टाकायची तुझी खोड मी तेव्हापासून बघते आहे.

काल मी नेहरू नगरला, ही कार्डं काढून देतात त्या शिबिरात गेले. टेबलावरच्या बाईंना एकच प्रश्न तीनदा विचारला. तिसऱ्यांदा त्या वैतागून म्हणाल्या, "माताजी, लिखके दूं क्या?" मी म्हटलं, द्या. तो कागद सोबत ठेवला आहे. सत्तरीपुढच्या माणसाचा विमा वेगळा असतो. घरच्यांच्या वाट्याला हात लागत नाही, कुणाचं कार्ड रद्द होत नाही. 'म्हाताऱ्यांनी कार्ड काढलं की घरच्यांचं बंद' असा आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लाल अक्षरांत फिरलेला तो मेसेज साफ खोटा आहे. तो टाकणाऱ्या केवलरामला मी जाब विचारला, तर म्हणाला, "ताई, आला तं पाठवला."

पण परवा फोन ठेवता ठेवता नीतू आणखी एक गोष्ट बोलली. तू केवलरामवर विश्वास ठेवलाच नव्हतास. त्या मेसेजखाली माझा अंगठा होता, आणि शिकलेल्या प्रेमलाने अंगठा दिला म्हणजे खरंच असणार, असं तू म्हणालीस. भागीरथा, तो अंगठा 'वाचलं' एवढ्यासाठी होता. खरं तर तेवढंही नाही. दोन ओळी बघून मी, बी.ए. झालेली बाई, अंगठा देऊन मोकळी झाले. ग्रुपवर माझी चूक नाव घालून लिहिली आहे. पण तुझं दोन महिन्यांचं दुखणं माझ्यामुळे लांबलं, ते तुला वेगळं सांगायला हवं होतं. शुक्रवारी सकाळी नऊला ऑटो घेऊन येते. आधार कार्ड हाताशी ठेव. कार्ड निघालं की तिथूनच डॉक्टरांकडे जाऊ. रागावली असशील तर ऑटोत बोल, मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
प्रेमला