पहिलीचे धडे, उलट्या बाजूने

वणी, ता. ९ मे २०२५

चि. रंजितास,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण आधी रामरामच लिहितो. तुझ्या सासूचे, विमलचे, गुडघे आहेत तसेच आहेत. ऊन असं, की दुपारी अंगणात कावळासुद्धा उतरत नाही.

आज सकाळी जुन्या वर्गाचा आवाज कानात आला. चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची, मी डस्टरनं टेबलावर ठेका धरायचो. शब्द खिडकीतून पार तुरीच्या शेतापर्यंत जायचे. मागच्या बाकावरची बंजारा तांड्यावरची पाच-सहा पोरं मात्र नुसते ओठ हलवायची. मी समजायचो, पाठांतर नाही. उभं करायचो. ज्यानं घरात मराठी ऐकलीच नाही, त्यानं कविता आणावी कुठून? चौतीस वर्षांच्या नोकरीत हे मला सुचलं नाही.

तू तांड्याच्या शाळेतल्या पहिलीसाठी फोनवर केलेले धडे नयननं मागच्या महिन्यात मला पाठवले. तुला सांगितलं की नाही, ठाऊक नाही. चित्रावर बोट ठेवलं की आधी तुमच्या गोरबोलीतला शब्द, मग मराठी. पोरांनी आपल्या बोलीवरून मराठीत यावं म्हणून तू ते केलंस. मी उलटा निघालोय. भाकरी म्हणजे बाटी. आई म्हणजे याडी. म्हणतो, फोनमध्ये भरतो, ऐकतो, पुन्हा म्हणतो.

विमल हसते. "चौतीस वर्सं लोकाच्या पोराईले उभं केलं ना मास्तर, आता राहा तुमी उभे!" मी खरंच उभा राहून म्हणतो.

दिवाळीत व्हिडिओ कॉलवर सलोनीनं आपल्या या आबाला गोरबोलीत काहीतरी विचारलं होतं. समजलं नाही म्हणून मी मान डोलावली. नयन हसत म्हणाला, "बाबा, ती विचारून राह्यली, आबाले बोलता येत नाही का?" तू हसली नाहीस. मी पाहिलं.

तुझा शेवटचा धडा ढावलोचा आहे. गाणं तुझ्या आईच्या, जमनीबाईंच्या आवाजात, अर्थ तुझ्या. सासरी निघालेली पोरगी घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून गाते. आधी बाप, मग भाऊ, सगळ्यांच्या शेवटी आई. हे मला या धड्यातून कळलं. सात वर्षं उशिरा.

तुझ्या लग्नाचं लिहायचं टाळत इथवर आलो. आता लिहितो. तू भावाच्या गळ्यात होतीस, आणि मी भर मांडवात उठलो. "कायले रडून राह्यले? लग्नात अपशकुन कायले? आन् बोलायचं तर मराठीत बोला!" गाणं तिथंच तुटलं. तुझी आई पदर सावरून उभी होती. मला वाटलं, माझं ऐकलं. ती तिच्या ढावलोची वाट पाहत होती.

मग मी जेवलो. दोनदा बुंदी घेतली. तेव्हापासून तू आमचा उंबरा चढली नाहीस, आणि मी विमलला सांगत राहिलो, सून अभिमानी आहे.

सलोनी जूनमध्ये पहिलीत जाईल. त्या दिवशी आम्ही यावं का? नको म्हणालीस, तर तेही बरोबर. पण त्याआधी मला जमनीबाईंची माफी मागायची आहे, त्यांच्या बोलीत. पंधरा दिवस तेवढंच घोकतोय. फोन माझा आवाज परत ऐकवतो, त्यात दरवेळी मास्तरच ऐकू येतो. माफी अशी हुकूम सोडल्यासारखी मागतात का?

थांब. विमल ओरडते आहे.

"अवो, रंजिताची माय आली! बसनं आली, एकलीच. आत या म्हनलं तं येतच नाई!"

खिडकीतून दिसताहेत. खांद्याला गाठोडं, डोक्यावर ऊन, पाय उंबऱ्याच्या बाहेर. का आल्या, मला माहीत नाही. विमलच्या हातातला पाण्याचा गडू त्यांनी अजून घेतलेला नाही. माझ्या खोलीकडेच पाहताहेत.

माफीचे शब्द भरलेला फोन आत चार्जिंगला लावलाय. राहू दे. पत्र इथंच सोडून उठतो.

तुझ्या आईचा अपराधी,
मारोतराव