शेजारच्या जटाधाऱ्याचं भजन

अण्णा, तुम्हाला लिहायचं म्हणता म्हणता किती वर्षं गेली. आई गेल्यावर तुम्हाला इथे सातासमुद्रापार, हिल्सबरोला माझ्याकडे आणलं, तेव्हा तुम्ही मृदंग बरोबर आणलात खरा, पण त्याची गवसणी काही सोडली नाहीत. "ऐकणारी गेली, आता कुणासाठी वाजवू?" म्हणालात. कॉलिंग कार्डावर पुण्याशी दहा मिनिटं बोलायचं आणि मग दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं. मला एकच हवं होतं, तुमचा हात पुन्हा मृदंगावर पडावा.

शेजारी तो धिप्पाड माओरी, कमरेपर्यंत जटा. तुम्ही पहिल्याच दिवशी कुंपणाशी जाऊन त्याला वाकून नमस्कार केलात, गोसावी समजून! मी मेल्याहून मेल्यासारखी. "अण्णा, तो रास्ताफारी आहे, दिवसभर रेगेची गाणी लावून बसतो." तो मात्र हात जोडून म्हणाला, "किया ओरा, मटुआ." किया ओरा म्हणजे नमस्कार, आणि वडीलधाऱ्यांना इथे मटुआच म्हणतात. रास्ताफारी हा एक धर्मपंथच आहे, तो मांस खात नाही, दारू पीत नाही, शनिवारी देवाचं वाजवतो, हे कळल्यावर तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "मग माझं काय चुकलं गं?"

एके दिवशी त्याचं रेगे चालू असताना तुम्ही मांडीवर ठेका धरलात आणि मध्येच थांबलात. "अगं, हे समेवर हातच ठेवत नाहीत! पहिली मात्रा चक्क मोकळी." मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला विचारलंत, तर त्याने आतून मोठा ढोल आणला. त्यांच्या प्रार्थनेत हे ढोल आधीपासूनच, रेगेने ठेका तिथूनच उचलला, असं सांगत तो 'जाह'चं, म्हणजे त्यांच्या देवाचं, नाव घेत संथ वाजवू लागला. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. घरी आलात आणि कणीक मागितलीत, वाजवण्याआधी मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायला. ती भिजवताना मी ओट्याशी उभी राहून रडले. मग दर शनिवारी त्याच्या अंगणात तुम्ही दोघं. तो जाह म्हणे, तुम्ही विठ्ठल.

तुम्ही गेलात तेव्हा शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या अल्बनीपासून मराठी माणसं आली. तो आला नाही. कुंपणापलीकडे पाठ करून उभा राहिला. मी संतापून जाब विचारला. "आम्ही मेलेल्याजवळ जात नाही, सिस्टर," तो म्हणाला. "आमच्या धर्मात नाही ते. आणि मटुआ कुठे मेलाय?" त्याचे डोळे सुजलेले होते.

अजून तो वाजवतो, अण्णा. मी दिसले की ओरडतो, "मटुआ लाइक्स धिस वन!" त्याच्या श्रद्धेत तुम्ही आहात. माझ्याजवळ तेवढी श्रद्धा नाही. माझ्यासाठी तुम्ही गेलात ते गेलातच. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि तुमच्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही. फक्त एक कबूल करते. तो वाजवायला बसला की मी स्वयंपाकघराची खिडकी उघडते. मुलांना सांगते, फोडणीचा वास जावा म्हणून.