फेसाळ कालवणाचा तपास

गुरुवार, १५ जानेवारी. सायं. ७
उद्यापासून थळच्या किनाऱ्यावर तीन दिवस म्युझिक फेस्टिव्हल. आवडाआत्याचा मासळीचा स्टॉल आहे. ज्याचं जेवण सर्वांत सरस, त्याला मांडव्याच्या जेट्टीवर कायमची जागा, असं फेस्टिव्हलच्या अमिषा मॅडम म्हणाल्या. आत्या तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरली. आता गुडघे चालत नाहीत. जागा मिळालीच पाहिजे. मिळेल, कारण मी आहे. मॅनेजर अर्थात मीच होणार.

संकल्प: स्वच्छता. मी अन्नसुरक्षेचं दोन दिवसांचं शिबिर केलं आहे. सर्टिफिकेट लॅमिनेटेड. (बारावी राहिली, ती बोर्डाची चूक.) आत्या कालवणाचं मातीचं भांडं काथ्याने आणि गरम पाण्याने धुते. २०२६ साली! उद्यापासून ती बंदरावर मासळी आणायला गेली की भांडी माझ्याकडे. तक्ता करून टांगला: तारीख, वेळ, सही.

शुक्रवार, १६ जानेवारी. सकाळी ८
भांडं लिंबाच्या लिक्विडमध्ये तासभर भिजवलं, मग तारेने घासलं. सुगंध दरवळतो आहे. सही केली.
शेजारी वासिफ आणि त्याची आई शहरबानू चाची यांचा स्टॉल. बोर्डावर 'कोलंबी बिर्यानी'. दोन शब्दांत दोन चुका. अशांशी आपली स्पर्धा!

दुपारी ३
कोळंबीच्या कालवणावर फेस. चव कडवट. सात जणांनी ताटं परत केली. आत्या म्हणाली, इतक्या वरसांत असा कंदी झाला न्हाय.
घातपात. दुसरं काय?

सायं. ६
संगीत सुरू. एक माणूस लॅपटॉपचं बटण दाबतो आणि दोन हजार माणसं हात वर करून उभी राहतात. शाळेत मलाही तसंच उभं करायचे. तिकीट लावलं नव्हतं.

शनिवार, १७ जानेवारी. सकाळी ८
मीठ, हळद, चिंच कुलपात. चावी गळ्यात. भांड्यात कालचं विष उरू नये म्हणून दोनदा धुतलं. दोन सह्या.

दुपारी २
फेस दुप्पट. वासिफ हसत आला. म्हणे, निकेतभाय, रश्श्याला लाटा येतात काय? अम्मा विचारते, भांडा कशान धुता? गुन्हेगार आपणहून भांड्याचा विषय काढतो! संशयित क्र. १ म्हणून नोंद केली.
आत्यानेही तेच विचारलं, भांड्याला कोन हात लावतं रं? शपथेवर सांगितलं, परका एकही माणूस नाही.
जेट्टी गेली रं, म्हणाली आणि विझलेल्या चुलीपुढे गुडघे धरून बसली. मी धीर दिला: उद्या चोर पकडतो.

रविवार, १८ जानेवारी. सकाळी ८
तीनदा धुतलं. तीन सह्या.

दुपारी १२.३०
अमिषा मॅडमना बोलावून सर्वांसमोर आरोपपत्र वाचलं. पुरावा म्हणून तक्ताही त्यांच्या हातात दिला: भांडं माझ्या हातून निर्मळच जातं. वासिफ जांभई देत होता. निर्ढावलेला.
शहरबानू चाचींनी रिकाम्या भांड्यात नुसतं पाणी ओतलं आणि चुलीवर ठेवलं. उकळी आली. फेस आला. लिंबाचा वासही आला. चाची म्हणाल्या, माती पिते गो आवडाबाई. साबण पाजलाव तं साबणच देनार.
आत्याने विचारलं, कोनी पाजला?
मॅडमनी तक्ता मोठ्याने वाचला. सहा सह्या. एकही खाडाखोड नाही.

दुपारी ४
चाचींनी आपलं भांडं आत्याला दिलं. कालवण तासाभरात संपलं. मॅडमनी चव घेतली आणि जेट्टीची जागा दोघींना मिळून दिली. आत्या तीन दिवसांत प्रथमच हसली. चाचींकडे बघून.
मॅनेजर वासिफ. ज्याला 'कोळंबी' लिहिता येत नाही!

सोमवार, १९ जानेवारी. सकाळी ११
जेट्टीच्या स्टॉलचं पहिलं काम मात्र मलाच मिळालं. शेवटी लोकांना किंमत कळते. पाटी रंगवायची होती: 'भांड्यांना हात लावू नये.'
आत्या म्हणाली, कोनी लावू नये, त्या पन लिव.
लिहिलं. 'निकेतने भांड्यांना हात लावू नये.'
शुद्धलेखन अचूक आहे.