डोक्यातली प्लॅटिनमची तार

बाबा, माझ्या डोक्यात आता प्लॅटिनमची तार आहे. केसाहून बारीक, गुंडाळी करून बसवलेली. हे तुम्हाला कळायलाच हवं.

मानेसरच्या कारखान्यात पार्ट तपासताना माझी डावी पापणी खाली आली. सुपरवायझर म्हणाला, "किसको आँख मार रहा है, यार?" सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मला एकाचे दोन पार्ट दिसू लागले. तपासणीत कळलं की मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला आहे आणि तो कधीही फुटू शकतो. डॉक्टरांनी जांघेतून नळी घालून थेट तिथपर्यंत नेली आणि तो फुगा तारेनं भरून टाकला, म्हणजे रक्त आत शिरायला नको. आई बाहेर बाकावर बसून होती. मी वाचलो.

शुद्धीवर आल्यावर पहिली आठवण झाली ती तुमची. दहावीचं वर्ष, दिल्लीतलं द्वारकेचं घर, तुमच्या ऑफिसचे लोक जेवायला आलेले. मी दारात उभा राहून म्हणतो, "बाबा, डोकं फार दुखतंय." तुम्ही श्रीखंडाची वाटी पुढे सरकवत म्हणता, "दुखायला आधी डोकं असावं लागतं!" सगळे हसतात, आईसुद्धा. त्या वर्षी मी नापास झालो आणि शाळा सुटली ती सुटलीच. तुम्ही गेलात, पण तुमचं ते वाक्य नातेवाइकांत अजून फिरतं.

म्हणून मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं, "बचपन का सिरदर्द इसी का था ना?" ते म्हणाले, "नहीं बेटा, उसका इससे लेना-देना नहीं लगता. चश्मे का होगा." मी पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

घरी येऊन आईला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, दहावीत डोकं दुखायचं ना, तेव्हापासूनच होतं हे."

आई रोज संध्याकाळी दिवा लावून तुमच्या फोटोला दिवसभराचं सगळं सांगते, ठाऊक आहे ना? "अहो, आज भाजीवाला आलाच नाही," असलंसुद्धा. त्या संध्याकाळी तिनं दिवा लावला, तुमच्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता आत निघून गेली. तेव्हापासून ती तुमच्याशी बोलत नाही.

खरं काय ते तिला सांगावं, असं रोज मनात येतं. अजून सांगितलेलं नाही. तिच्या त्या गप्प राहण्यानं मला फार बरं वाटतं, बाबा.