सकाळी सहाचा समुद्र

११ मार्च, मंगळवार

लाइन बंद होणार! ३१ तारखेचा निरोप शेवटचा. भोंगाकाकांनी जिन्यात गाठून सांगितलं. म्हणजे सांगितलं मला, ऐकलं सगळ्या क्लबने. आमच्या सर्फिंग क्लबचे चिटणीस, बाबांचे जुने दोस्त, म्हणून कुणी तोंडावर बोलत नाही. पण या माणसाने कानात सांगितलेलं रस्त्यापलीकडे ऐकू जातं.

टेलिफोनवाले जुन्या तारा काढतायत. आणि तसंही, समुद्र कसा आहे हे विचारायला आता फोन कोण लावतं? मोबाइलवर किनारा दिसतो, वारा दिसतो, परवाच्या लाटांची उंचीसुद्धा दिसते. मान्य. सगळं मान्य. तरी जिन्यातच बसले.

एकतीस वर्षं बाबा बोलले, नऊ वर्षं मी. रोज सकाळी सहाला किनाऱ्याच्या पायऱ्यांवर उभं राहायचं, वारा बघायचा, लाटा मोजायच्या. मग लाटांवर स्वार व्हायच्या फळ्यांच्या गोदामावरच्या त्या खुराड्यात चढायचं. लाल बटण दाबायचं, टीं वाजलं की यंत्राला समुद्र सांगायचा. पुढे दिवसभर ज्याला लाटांवर जायचंय तो नंबर फिरवतो आणि ऐकतो. एवढंच काम. पण एक दिवस चुकलेला नाही.

आजचा: वारा समुद्राकडून, लाटा गुडघ्याएवढ्या, त्याही विस्कटलेल्या. खराब.

१२ मार्च, बुधवार

खराब. कालचीच री ओढली.

यंत्रावरचा आकडा सांगतो, काल दिवसभरात सात फोन. त्यातला एक आईचा. मी घरी येऊन तिच्यासमोर चहा पीत बसते आणि ही बाई मला विचारायचं सोडून नंबर फिरवते! "तू मला सांगतेस ते घाईघाईत. त्याला नीट सांगतेस." त्याला म्हणजे यंत्राला.

१५ मार्च, शनिवार

भोंगाकाका माझ्या चष्म्यांच्या दुकानात आले. चष्म्याचा नंबर वाढलाय हे निमित्त. खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, अक्षरं वाचायला लावली. तिसऱ्या ओळीवर थांबले.

"एकतीसला तुझा आवाज नको गं. रागावू नकोस. बाबांची ती शेवटची टेप लावू या. जुन्या सगळ्या फळीवाल्यांना कळवतो. साडेसहाच्या ठोक्याला सगळे एकदम फोन लावतील!"

"एकदम लावले तर एकालाच लागेल, काका."

"मग रांगेने लावतील! तू आईला सांग. मीच सांगतो थांब, तू विसरशील."

मी "बघू" म्हणाले. त्यांच्या डाव्या डोळ्याला उजव्याची काच लावली. ते म्हणाले, "हे तर आणखीच धूसर." मी सॉरी म्हणाले.

टेप नाहीये.

इथे तरी लिहू दे. नऊ वर्षांत कुठे लिहिलं नाही, कुणाला बोलले नाही. टेप नाहीये. मी पुसली.

१६ मार्च, रविवार

खराब. वारा कालपेक्षा वाईट.

आता तोंड उघडलंच आहे तर पूर्ण लिहिते.

त्या दिवशी बाबा सकाळी समुद्र सांगून आले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलंसुद्धा. रात्री घरभर माणसं झोपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला हलवून उठवलं. "ऊठ. समुद्र सांगायचाय. लोक फोन लावतील." मी उठले. विचार केलाच नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी गेले, पायऱ्यांवरून लाटा मोजल्या, वर चढले, बटण दाबलं. "नमस्कार मंडळी" म्हणाले आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

यंत्रात टेप एकच. नवा निरोप जुन्याच्या अंगावर भरला जातो. दुसरी टेप आणू या म्हणून मी कितीदा मागे लागले होते! बाबा म्हणायचे, "कालचा समुद्र ठेवून काय करायचाय?"

तिथेच थांबले असते तर अर्धं तरी वाचलं असतं. थांबले नाही. का ते आजही सांगता येत नाही. वारा सांगितला, लाटा सांगितल्या, काळजी घ्या म्हणाले, आणि बटण सोडून जमिनीवर बसले.

चौथ्या दिवशी भोंगाकाका घरी आले. "शेवटची टेप जपून ठेवलीस ना गं?" आई शेजारी बसलेली. मी "हो" म्हणाले. एक अक्षर! नऊ वर्षं ते एक अक्षर घशात अडकलंय.

दुसरं कुठेच नाही बाबांचा आवाज. धाकट्या भावाच्या लग्नाच्या व्हिडिओत आहेत, पण मागे उभे, तोंडात घास.

१८ मार्च, मंगळवार

खराब, खराब, खराब. आठवडा झाला एकसुद्धा धड लाट नाही.

बाबांना असा आठवडा फार आवडायचा. स्वतः आयुष्यात एकदाही फळीवर उभे राहिले नाहीत. क्लबचे सुतार, मोडक्या फळ्या सांधायचे, पोहायचं म्हटलं की कंबरेच्या वर पाणी नको. पण समुद्राची नाडी त्यांच्याइतकी कुणाला कळली नाही. चांगल्या दिवशी दोन वाक्यांत उरकायचे. "लाटा कंबरेच्या वर, वारा जमिनीवरून. फोनवर काय बसलाय, पळा!" खराब दिवस असला की मात्र रंगात यायचे.

"आज पाण्यात जे हलतंय त्याला लाट म्हणू नका, खऱ्या लाटांना वाईट वाटेल."

"गुडघ्याएवढ्या. माझ्या गुडघ्याएवढ्या नव्हेत. आमच्या धाकट्याच्या." धाकटा तेव्हा चार वर्षांचा!

"आज घरी बसा, बायकोला मदत करा. मला घरातून हाकललंय म्हणून मी इथे."

ज्यांना समुद्राशी काही देणंघेणं नाही असे लोकही फोन लावायचे. वाणी लावायचा. माझ्या शाळेतल्या बाई लावायच्या आणि वर्गात मला म्हणायच्या, "काय गं, आज वडिलांना हाकललंत?" मी लाजेने अर्धी व्हायचे. आता ती लाज परत मिळाली तर काय वाटेल ते देईन.

आणि आई! घरात फोन कानाला लावून, पदराने तोंड दाबून हसायची. बाबा परत आले की चेहरा लगेच कडक. "लोकांना काय सांगता आपल्या घरातलं?" भांडण झालेलं असलं की बाबा घरात बोलायचे नाहीत. यंत्राला सांगायचे. "वारा आज आमच्या स्वयंपाकघरातून सुटलाय. जोर कालपासून आहे. चूक किनाऱ्याची आहे, किनारा मान्य करतो." झालं! त्या दिवशी दुपारी दोघं शेजारी बसून जेवायची. माझ्या आईवडलांचा संसार निम्मा तरी त्या यंत्रातून झाला. आणि मी नेमका त्यातला शेवटचा निरोप पुसला.

१९ मार्च, बुधवार

खराब. पंधरा फोन! भोंगाकाकांचा प्रचार जोरात.

२० मार्च, गुरुवार

एक वेडेपणा केला. माझे निरोप छोटे, बाबांचे लांबलचक. म्हणजे टेपच्या शेवटी कुठेतरी त्यांचं एखादं शेपूट उरलं असेल! हे नऊ वर्षांत कसं सुचलं नाही? संध्याकाळी टेप घरी आणली, माळ्यावरचा जुना प्लेअर काढला, दार लावून बसले.

आजच्या निरोपाच्या पुढे शेपटं होती. खूप होती. सगळी माझीच; कधीतरी मीही लांबले असणार. "...ओहोटी सव्वातीनला." "...पायऱ्या शेवाळल्यात, जपून." एकात माझा आवाज इतका कोवळा की मीच ओळखला नाही. मग नुसतं खर्रर्र. शेवटपर्यंत ऐकलं. दोनदा.

दाराबाहेर आई. "काय करतेस गं आत?" मी म्हटलं, जुनी गाणी.

२३ मार्च, रविवार

खराब. पण आजची गोष्ट वेगळी.

धाकटा आला होता. त्याला परवा फोनवर सगळं सांगितलं होतं. पहिल्यांदाच. मला वाटलं होतं, ओरडेल. आज आला तोच म्हणाला, "ताई, मी बोलू का?"

त्याचा आवाज हुबेहूब बाबांचा आहे. आधीपासूनच. कॉलेजात असताना फोन उचलायचा आणि भोंगाकाका त्याला पाच पाच मिनिटं क्लबच्या भानगडी सांगत बसायचे. आता चाळिशी उलटल्यावर तर जास्तच.

आई खालच्या मजल्यावर शेजारणीकडे गेली होती. धाकटा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, घसा खाकरला आणि सुरू झाला. "नमस्कार मंडळी. आज पाण्यात जे हलतंय..."

पाठमोरा, खांदे तसेच, 'मंडळी'वरचा तो हेल. मी रडायला लागले. डोक्यात मात्र हिशेब चालूच, की हे खपेल! भोंगाकाका रडतील, सगळे रडतील, कुणालाही कळणार नाही.

वळले तर दारात आई. कधी आली कोण जाणे. हातात शेजारणीकडची वाटी. धाकटा थिजला. आईने त्याच्याकडे पाहिलं.

"छान करतोस," म्हणाली. "पण शेवटी शेवटी असा नव्हता आवाज."

आणि आत गेली. कशासाठी चाललंय हे विचारलंसुद्धा नाही.

धाकटा म्हणाला, "नको ताई. आपल्याला झेपणार नाही हे." बरोबर आहे. भोंगाकाकांना फसवता येईल. फोनपाशी आई असणार.

२६ मार्च, बुधवार

खराब. भोंगाकाका रोज विचारतात, टेप वाजवून पाहिलीस का. रोज म्हणते, पाहिली. आता एका खोट्याची चार झाली.

२९ मार्च, शनिवार

आज सांगायचंच असं ठरवून घरी आले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसले, चादरीची दोन टोकं धरली. घडी घालताना माणूस जवळ येतं, टोकं जुळवतं, परत लांब जातं. तीन वेळा जवळ आले, तीन वेळा तोंडातलं तोंडात राहिलं.

"काय गं?" आई म्हणाली.

"काही नाही. समुद्र खराब आहे."

"ते ऐकलं मी सकाळी."

माझ्या आईला मी तोंडावर काही सांगू शकत नाही. सत्तेचाळीस वर्षांची घोडी! घरात मुकी आणि यंत्रापुढे पोपट. बाबांचीच मुलगी.

हे लिहिता लिहिताच सुचलं. सोमवारी कसं सांगायचं ते.

३० मार्च, रविवार

खराब. उद्याचा अंदाज तोच.

३१ मार्च, सोमवार

झालं.

कागदावर लिहून नेलं होतं. बाबांनी कधी कागद नेला नाही. जसं बोलले तसं इथे उतरवते.

"नमस्कार मंडळी. वारा समुद्राकडून. लाटा गुडघ्याच्या खाली, दोन लाटांमध्ये पाच सेकंदसुद्धा नाहीत. खराब. आज इथे तुम्हाला बाबा ऐकायचे होते. ते नाहीत. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या निरोपावर माझा निरोप भरला. चुकून. पुढे टेप ठेवलीय म्हणून सांगितलं, ते चुकून नाही. काका, तुमची माफी मागते. आई, तुझी मागायला तोंड नाही, म्हणून इथून मागते. चाळीस वर्षं तुम्ही फोन लावलात. उद्यापासून किनाऱ्यावर येऊन बघत जा."

बटण सोडलं. घरी आले. दार उघडलं तर आई फोनपाशी, रिसीव्हर हातात, खाली न ठेवलेला. माझ्याकडे पाहिलं. रिसीव्हर ठेवला. "जेवायला लवकर येशील ना?" म्हणाली. बस्स.

दुपारी भोंगाकाका दुकानात. येऊन त्या तपासणीच्या खुर्चीत बसले आणि इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं. "त्या दिवशी सकाळी मी फोन लावला होता की गं. तुझा आवाज होता. यंत्रात टेप एकच, हे मलाही माहीत होतं. तेव्हाच कळायला हवं होतं. आम्ही नुसतं समुद्र कसा आहे ते ऐकत बसलो."

डोक्यावर हात ठेवून गेले. चष्मा इथेच विसरले.

संध्याकाळी यंत्र बंद करायला गेले. आकडा त्रेपन्न. इतक्या खराब दिवशी!

आई रात्रीपर्यंत त्याविषयी अवाक्षर बोललेली नाही. रागावलीय का, तेही कळत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१ एप्रिल, मंगळवार

सहाला जाग आली. जायचं कुठेच नव्हतं. आई चहा गाळत होती. माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"त्या दिवशी तुला उठवायच्या आधी मी नंबर फिरवला होता. तीनदा ऐकलं. धाप लागली होती गं त्यांना. एका वाक्यात चारदा थांबले, आणि तरी लोकांना हसवायला बघत होते. तो आवाज मागे राहायला नको होता मला. पण माझ्याने ते बटण दाबवलं नसतं. म्हणून तुला पाठवलं."