अंगठा शाबूत, पट्टी जिरली

मु. निमगाव केतकी

साडूभाऊ विजयसिंहराव यांना मानसिंगचा (दोन्ही पायांवर उभं राहून) रामराम.

मोरगावात समदी खुशाल असतीलच. मेव्हणीबाईंची कंबर, तुमच्या शेळ्या आन् तुमचा ताठा, तिन्हीची चौकशी केली असं समजा. फोनच करणार होतो, पण फोनवर तुमी मला बोलू देत न्हाय, आन् ही बातमी मला कुणी मधी न तोडता सांगायचीय. माझा अंगठा शाबूत हाय! माझ्याच ओट्यावर, माझाच चहा पिऊन तुमी ज्याला "गेला हो, आता काढावाच लागणार" म्हणाला होता, तोच अंगठा. काल कोल्हापुरी घालून आख्ख्या बाजारातनं मिरवला. (घ्यायचं काय नव्हतं.)

झालं असं, की खोडव्याच्या उसाला पाणी धरताना तोडलेल्या बुडख्यानं पायाचा अंगठा फाडला. आमची साखर उसात कमी आन् रक्तात जादा, त्यामुळं जखम भरायचं नाव घेईना. तुमी धाडलेली पावडर लावली, तर जखमच हिरवी पडली. शेवटी आमच्या मंडळीनं, द्वारकानं, मला दंडाला धरून बारामतीला नेलं. तिथल्या डॉक्टर मुबशिराबाईंनी जखम धुतली, सडकं काढलं आन् वर पापडासारखी पातळ पांढरी पट्टी ठेवली. कोलाजेन म्हणं. (छबूआत्या गावभर सांगती, मानसिंगच्या अंगठ्याला कॉलेज लागलं.) वरनं बँडेज बांधून बजावलं, उघडायचं न्हाय, भिजवायचं न्हाय, गोड बंद.

आता आपल्याकडं लोक भेटायला येतात ते काय चहासाठी? जखम बघायला येतात. छबूआत्या हटून बसली, मग बँडेज सोडलं. बघतो तर पट्टी गायब! आधी कुत्र्यावर संशय घेतला, मग द्वारकावर, (त्याचं जेवणात भोगलं,) आन् मग तरातरा बारामती गाठून दवाखान्यात बोंब ठोकली, की माझी पट्टी चोरली. बाईंनी बॅटरी मारून अंगठा बघितला आन् हसून म्हणाल्या, "काका, जिरली!"

साडूभाऊ, भरल्या दवाखान्यात, समद्यांच्या देखत! मी एका पायावर ताडकन उठलो. म्हणालो, माझी जिरवणारा अजून जन्माला यायचाय! समदा दवाखाना हसाय लागला. बाई म्हणाल्या, "अहो, तुमची नाही, पट्टी जिरली!" मग समजावलं. दोडक्याच्या वेलाला आपण मांडव घालतो, तशी ही पट्टी. नवं मांस तिच्या आधारानं चढतं, आन् मांडव हळूहळू अंगातच जिरून जातो. काढायची गरजच न्हाय. बँडेज उघडल्याबद्दल मात्र मला असं झापलं, की द्वारका खूश. पुढं आणखी पट्ट्या लावल्या, साखर आवरली, आन् आता अंगठ्यावर गुलाबी कातडी आलीय. जिंकलो!

हितंच थांबतो, अंगठा दाखवायला अजून अर्धी आळी ऱ्हायलीय.

तुमचा,
मानसिंग

ता. क. तुमची पावडर वाया गेली न्हाय. तांब्याचा हंडा लख्ख निघाला.

ता. ता. क. खरं कारण शेवटी लिहितोय, वर लिहिलं असतं तर तुमी पत्र फाडलं असतं. मेव्हणीबाई फोनवर रडत व्हत्या. टाचेची जखम तुमी मोज्यात लपवून फिरता म्हणं. अहो, तुमाला बी साखर हाय! माझ्या जिवाला घोर लागलाय. बुधवारी सकाळच्या एसटीनं बारामतीला या, स्टँडवर मी उभा असेन. न्हाय आला तर मोरगावला येऊन उचलून नेईन, अंगठा आता भक्कम हाय. एकदा तुमची जिरलेली बघायची माझी लग्नापासनंची इच्छा हाय.